सात वर्षं प्रभुभोजनाच्या आधी उठून जाणाऱ्या भावास

पत्र मोठं होतं, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते. (प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेतात तो विधी.)

"ताई, प्रभूमध्ये सलाम. मी नागपूरचाच, वय 39. 2018 च्या आयपीएलमध्ये मी सट्ट्याच्या नादी लागलो. पप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यांचं एटीएम कार्ड कधी माझ्याकडे असायचं कधी चुलतभावाकडे. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशातून मी थोडे थोडे करून 1 लाख 80 हजार काढले आणि सगळे हरलो. पासबुकात एन्ट्री मारून आणली तेव्हा घरात सगळ्यांचा संशय चुलतभावावर गेला. त्यानं बायबलवर हात ठेवला तरी कुणी ऐकलं नाही. मी तिथंच उभा होतो, बोललो नाही. नंतर तो चंद्रपूरला निघून गेला, नाताळलाही येत नाही. बहिणीचं लग्न कर्ज काढून झालं. एप्रिल 2021 मध्ये पप्पा कोविडनी गेले, त्यांना शेवटपर्यंत खरं कळलं नाही. माझ्या पापाची शिक्षा देवानं पप्पांना दिली असंच वाटते. सट्टा तेव्हापासून बंद आहे. रोज रात्री बायको-मुलगी झोपली की कूलरच्या आवाजात रडून माफी मागतो, दर शुक्रवारी उपास करतो, चर्चला दान देतो, पण सात वर्षांत एकदाही प्रभुभोजन घेतलं नाही, शेवटच्या बाकावर बसतो आणि त्याच्या आधी उठून बाहेर येतो. बायकोला सांगितलं आहे की मला गर्दीत गुदमरते. मला क्षमा झाली असं कधीच वाटत नाही. मी आतून सडलेला माणूस आहे. मोकळं व्हायचं आहे, काय करू?"

भाऊ, सलाम. तुला तू म्हणते, माझा सगळ्यात धाकटा भाऊ तुझ्याहून मोठा आहे.

आधी एक गोष्ट. पत्राच्या शेवटी तू एक ओळ लिहून खोडली आहेस, पेन दाबून खोडली तरी कागदाच्या मागून वाचता येते. ती मी इथं छापत नाही. पण तसे विचार रात्री येत असतील तर माझ्या उत्तराची, रविवारची, पाद्री साहेबांची, कुणाचीच वाट नको पाहू, 14416 लाव, सरकारची टेली-मानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, रात्री 2 वाजताही बोलायला माणूस असतो आणि मराठीतून बोलता येते. प्रार्थना करणाऱ्यानं डॉक्टरकडे जाऊ नये असं आपल्या विश्वासात कुठं नाही, शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

आता तुझं म्हणणं. रोज रात्री माफी मागतो म्हणतोस, सात वर्षं म्हणजे 2500 च्या वर रात्री झाल्या रे. देव काही बहिरा नाही. मग तुला मोकळं का वाटत नाही हे मी दोन दिवस मनात घेऊन फिरत होते आणि मला जे दिसलं ते सरळ सांगते, राग आला तर येऊ दे. तू माफी मागून राहिलास, पण पाप पदरी घेतलं नाहीस.

योहानाच्या पहिल्या पत्रातलं ते वचन आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे, जर आपण आपली पापे पदरी घेतली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून आपल्या पापांची क्षमा करील. आपल्या मराठी बायबलात तिथं 'कबूल केली' असं नाही, 'पदरी घेतली' असं आहे, आणि मला दर वेळी वाटते की ज्यानं कुणी हा शब्द निवडला त्यानं बाया पदरात काय काय घेतात ते पाहिलेलं होतं. माझी आजी रेशनच्या दुकानात पिशवी विसरून गेली की पदर पुढं धरायची, दुकानदार मापानं ज्वारी ओतायचा, ती गाठ मारायची आणि भर रस्त्यानं घरी यायची, सगळ्या वस्तीला दिसायचं आजीनं काय आणलं आणि किती आणलं. पदरी घेणं असं असते. माल माझा आहे, वजन माझं आहे आणि मी तो तुमच्यासमोरून नेते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'तेच म्हणणं' असाच आहे, देव ज्या गोष्टीला जे नाव देतो तेच नाव आपणही देणं. तू मात्र ते ओझं अंधारात डोक्यावर घेऊन फिरतोस, कूलरच्या आवाजात, आणि जो माल तुझा होता तो सात वर्षं चुलतभावाच्या पदरात पडून आहे.

कठीण बोलले, मला माहीत आहे. पण तुझी सगळी तळमळ खरी आहे म्हणूनच बोलते, खोटा माणूस सात वर्षं उपास करत नाही. फक्त ते उपास कुठं लागून राहिले ते बघ. तू स्वतःला शिक्षा देऊन राहिलास, कारण शिक्षा एकट्यानं भोगता येते, कुणाला काही सांगावं लागत नाही. व्याज भरतोस पण मुद्दल जागचं हललेलं नाही. आणि चर्चला जे दान देतोस ते मोठ्या मनानं देत असशील, पण मला सांग, ते पैसे आहेत कुणाचे? तुझ्या बहिणीचे आहेत ना.

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर, त्याचं आयुष्य वाचलं तर तूच दिसशील त्यात. मठात होता तेव्हा एकेका वेळी सहा सहा तास पापनिवेदन करायचा, एवढं सांगून झाल्यावर अजून काहीतरी आठवायचं की परत जायचा, त्याचं ऐकून घेणारे श्टाउपिट्झ थकून जायचे. उपास, जागरणं, थंडीत उघडं पडणं सगळं करून पाहिलं त्यानं आणि त्याला वाटायचं देव अजून नाराजच आहे. सुटका कशी झाली, तर बायबलातलं रोमकरांस पत्र वाचता वाचता त्याला उमगलं की देवाचं नीतिमत्त्व हे आपण कमवून द्यायचं नसते, ते तो देतो आणि आपण विश्वासानं घ्यायचं असते. घ्यायचं म्हटलं की हात रिकामे लागतात. तुझे हात कशानं भरलेले आहेत सांगू, स्वतःच स्वतःला द्यायच्या शिक्षेनं.

त्याच पत्राच्या आठव्या अध्यायाचं पहिलं वचन रोज म्हण. म्हणून ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाहीच. नुसतं 'नाही' नाही, 'नाहीच' आहे तिथं. तो 'च' दाबून म्हणत जा.

आता 'आतून सडलेला माणूस' हे जे लिहिलंस ना, त्यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण मला तिथं दोन आवाज ऐकू येतात आणि तू दोन्हींना देवाचा आवाज समजून राहिलास. एक आवाज नाव घेऊन बोलतो, रक्कम सांगतो, 1 लाख 80 हजार, पप्पांचं कार्ड, चुलतभाऊ त्या दिवशी बायबलवर हात ठेवून उभा होता आणि तू गप्प. तो आवाज टोचतो पण तो रस्ता दाखवतो, जा, त्याला सांग. पवित्र आत्मा असा बोलतो. दुसरा आवाज रक्कम सांगत नाही, नाव घेत नाही, तो नुसता म्हणतो तू असाच, तू सडका, तुझ्या घराला तुझ्यामुळं कीड लागली. त्याच्यापाशी करायला काही काम नसते, फक्त लपायला सांगतो. प्रकटीकरणात सैतानाला 'आमच्या बंधूंना दोष देणारा' म्हटलं आहे, ते हेच. आदाम-हव्वा झाडाआड लपले तेव्हा देवानं 'तू कोठे आहेस' असं विचारलं, 'तू कसला आहेस' असं विचारलं नाही, आणि बागेतून बाहेर काढायच्या आधी त्यांना अंगावर घालायला कातड्याची वस्त्रं करून दिली. त्यांनी पानं शिवली होती ती पुरेशी नव्हती. तुझं गर्दीत गुदमरणं म्हणजे ती अंजिराची पानं आहेत भाऊ.

पप्पांचं. हे मी घाईनं लिहू शकत नाही. त्या एप्रिलमध्ये नागपुरात बेडसाठी, ऑक्सिजनसाठी लोक गाडीत पेशंट घालून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरत होते, माझी वहिनी त्याच आठवड्यात गेली, आम्हाला तिचा चेहरा पाहायला मिळाला नाही, दफनाला चार माणसं, सगळी प्लास्टिकच्या पोशाखात, माती टाकायलाही लांबून. ती कुणाच्या पापानं गेली? चर्चमधले किती चांगले लोक गेले त्या महिन्यात. योहान 9 मध्ये शिष्य येशूला नेमकं हेच विचारतात, हा माणूस आंधळा जन्मला तो कुणाच्या पापामुळं, ह्याच्या की आईबापांच्या? आणि येशू म्हणतो, ह्याच्याही नाही आणि त्याच्या आईबापांच्याही नाही. देवाला पापाची शिक्षा कुणावर तरी टाकायचीच होती तर ती त्यानं वधस्तंभावर टाकली, 'पूर्ण झाले आहे' असं म्हणून टाकली, ती परत काढून तुझ्या म्हाताऱ्या पप्पांवर कशाला टाकेल? पप्पांना खरं सांगायचं राहून गेलं हे दुःख आहे, ते राहील, मी ते पुसायला जात नाही. पण पप्पांचा मृत्यू तुझ्या हिशेबाच्या वहीत नाही, तो तिथून काढ. त्या वहीत जेवढं खरंच तुझं आहे तेवढंच पदरी घे, वरचं एक दाणाही नको.

मी तुला वरून बोलत नाही. शाळेत शिकवत होते तेव्हा माझ्या टेबलावरून फीचे 500 रुपये गेले. मी एका मुलीवर आळ घेतला, सातवीतली होती, गरीब घरची, आणि खरं सांगायचं तर गरीब घरची म्हणूनच घेतला. वर्गासमोर तिचं दप्तर उलटं केलं, चपटं झालेलं टिफिनचं झाकण अजून डोळ्यासमोर आहे. दोन महिन्यांनी ती नोट हजेरीच्या रजिस्टरच्या कव्हरमध्ये सापडली आणि मी काय केलं, नोट ऑफिसात भरली आणि गप्प बसले. नंतर तिला कॉम्पासपेटी घेऊन दिली, परीक्षेची फी भरली, सगळ्यांना वाटायचं मॅडमचा किती जीव आहे तिच्यावर. वर्षानुवर्षं मीही देवाजवळ रडले. 11 वर्षांनी ती सीताबर्डीच्या मेन रोडवर दिसली, कडेवर लहान मूल. माझे पाय निघून जायला लागले होते पण त्या दिवशी मी थांबले आणि म्हटलं, ती नोट रजिस्टरमध्ये सापडली होती, मला दोन महिन्यांतच कळलं होतं, मी तुला आणि वर्गाला सांगितलं नाही. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, मॅडम, मला वाटायचं तुम्ही विसरल्या असाल. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही ती. बाळाची टोपी सुटली होती, ती बांधायला तिनं हातातली पिशवी माझ्याकडे दिली, धरा जरा म्हणाली. मी धरली. त्या रात्री कित्येक वर्षांनी मी प्रार्थनेत त्या मुलीचं नाव घेतलं आणि छातीवर दगड पडला नाही.

आता प्रभुभोजन. अयोग्य प्रकारे खाईल तो दोषी होईल, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातल्या या वचनाला घाबरून तू उठून जातोस. आजूबाजूला खूप जण असेच उठून जातात, म्हणून जरा नीट लिहिते. ते पत्र लिहिणारा पौल तिथं 'अयोग्य माणूस' म्हणत नाही, 'अयोग्य प्रकारे' म्हणतो. करिंथात काय चाललं होतं ते त्याच अध्यायात आहे, ज्यांच्याकडे होतं ते आधीच खाऊन पिऊन मोकळे व्हायचे, काही तर नशेत, आणि गरीब भाऊ उपाशी बसायचे. योग्य माणसांनीच यायचं असतं तर ते मेज पहिल्याच दिवशी रिकामं राहिलं असतं. आणि पुढचं वचन बघ, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी. आणि मग खावी. उठून बाहेर जावं असं नाही लिहिलं.

तू म्हणशील, पण ताई, मत्तय पाचमध्ये आधी भावाशी समेट कर मग दान दे असं आहे. आहे, आणि तो सोडायचा नाही. पण तो समेट 'कधीतरी' करायचा ठेवून सात वर्षं मेजापासून लांब राहणं हे त्या वचनाचं पालन नाही. येशूचा शिष्य पेत्र, त्याच्याकडे बघ. कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत बसला असताना त्यानं येशूला तीनदा नाकारलं, मी त्याला ओळखत नाही म्हणाला. योहानाच्या शेवटच्या अध्यायात परत तोच कोळशाचा विस्तव आहे, समुद्रकाठी, येशूनं स्वतः पेटवलेला, त्यावर मासळी आणि भाकर. तो वास आल्यावर पेत्राला काय वाटलं असेल! पण येशूनं आधी विचारलं नाही. आधी म्हणाला, या, न्याहारी करा. जेवणं झाल्यावर मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? ज्यानं नाकारलं त्याला आधी वाढलं. त्यामुळं माझं मत असं की चंद्रपूरला जायचा दिवस ठरव, पक्का, बायकोला माहीत असलेला, आणि त्याच्या आधीच्या प्रभुभोजनाला बस. जायची ताकद तिथून घेऊन जा. तुझ्या पाळकांचं मत वेगळं असलं तर त्यांचं ऐक, ते तुझ्या समोर आहेत, मी नाही.

आणि त्यांना भेटच. 29 नोव्हेंबर 1970 ला आपल्याच नागपुरात सहा चर्च-पंथ एक होऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली, त्यामुळं आपल्या घराघरात रीती वेगळ्या, कुणाची आजी प्रेस्बिटेरियन तर कुणाचे आजोबा अँग्लिकन. पाप फक्त देवाजवळ सांगायचं, माणसाजवळ कशाला, असं बरेच जण म्हणतात. पण जुन्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातही सांगितलेलं आहे की ज्याचं मन प्रभुभोजनाआधी शांत होत नाही त्यानं पाळकाजवळ जाऊन आपलं दुःख उघडं करावं, कॅथलिक भावंडांत तर पापनिवेदन हा संस्कारच आहे, आणि याकोब साध्या शब्दांत सांगतो, तुम्ही निरोगी व्हावे म्हणून आपली पातके एकमेकांजवळ कबूल करा. निरोगी व्हावे म्हणून. जिवंत माणसाच्या तोंडून 'तुला क्षमा आहे' असं ऐकलं की ते कानातून आत जाते. मात्र चर्चमध्ये माईकवर उभं राहून साक्ष देऊ नको, निदान आत्ता नको. जिथं आळ पडला तिथंच तो उचलायचा आहे, तुझ्या घरात.

चुलतभावाला व्हॉट्सॲपवर सांगू नको. जा. समोर बसून पहिल्याच वाक्यात सांग, पैसे मी काढले होते आणि तुझ्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसलो. सट्टा कसा लागला, टेन्शन किती होतं, पप्पा गेले, हे काही सांगत बसू नको, त्यानं विचारलं तर सांग. रडू आलं तर आवर, नाहीतर बिचाऱ्याला तुलाच पाणी द्यावं लागेल. माफ कर म्हण, पण उत्तर मागू नको. तो ओरडेल, कदाचित दार लावून घेईल, तो त्याचा हक्क आहे, सात वर्षं चोर म्हणून जगला तो. त्यानं दार लावलं म्हणून रोमकरांस आठ खोटं पडत नाही, तुझी क्षमा त्याच्या खिशात नाही, येशूच्या हातात आहे. मग घरी येऊन मम्मी, बहीण, काका-काकू, ज्या ज्या माणसांनी त्याला चोर म्हटलं त्या प्रत्येकाला हेच वाक्य सांगायचं, कुणी सुटता कामा नये.

पैशाचं सोपं आहे, फक्त लांब आहे. बायबलातला जकातदार जक्कय उंबराच्या झाडावरून उतरला तर चौपट परत देतो म्हणाला, ते सुद्धा येशू त्याच्या घरी पाहुणा आल्यावर म्हणाला, पाहुणा यावा म्हणून नाही. तुझा पगार मला माहीत नाही, पण महिन्याला 5 हजार बहिणीच्या खात्यात टाकलेस तर 36 महिन्यांत मुद्दल पूर्ण होते. तिला नको असलं तरी टाक. दानाचं त्यानंतर बघू.

क्षमा झाली असं वाटत नाही म्हणतोस. वाटायला वेळ लागतो भाऊ. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला आणि त्यांनी स्वतःच पुढं लिहिलं की आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. रमाबाईंना आठ वर्षं लागली, तुला सात झाली आहेत.

सगळ्यात आधी बायको. चंद्रपूरच्या आधी, पाळकांच्याही आधी, कारण 5 हजार तिच्याही संसारातून जाणार आहेत आणि गुदमरायची गोष्ट तू तिला सांगितली आहेस, ती ती चार बायांना सांगत असेल. आज रात्री मुलगी झोपली की सांग. कूलर बंद करून सांग, थोडं गरम होईल, होऊ दे. चंद्रपूरची बस गणेशपेठवरून मिळते, तिला म्हणावं सोबत येतेस का, आली तर दोघं जा, नाही आली तर एकटा जा, आणि परत आलास की मला दोन ओळी टाक, या वेळी खोडलेलं काही नको.